केसपेपरवरची दुसरी तारीख



कर्जत-खालापुरात प्रॅक्टिस करणाऱ्या तुम्हा-आम्हाला हा रुग्ण ओळखीचा आहे. वय पंचविशीच्या आसपास, खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा किंवा नेरळहून रोज लोकल गाठणारा. पोटात उजवीकडे खाली दुखतं, मधूनच जुलाब, बारीक ताप, वजन उतरलेलं. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या टोकाला जखमा दिसतात. तुकड्याच्या तपासणीतूनही टीबी की क्रोन्स, हे ठाम कळत नाही. आपल्या वाड्यावस्त्यांवर टीबी आजही आहे, म्हणून एकेटी, म्हणजे टीबीवरची औषधयोजना, सुरू होते. त्यात गैर काही नाही. टीबी असताना क्रोन्स समजून नुसतं स्टेरॉइड गेलं, तर जिवावर बेतू शकतं.

मला काळजी आहे ती त्यानंतरच्या महिन्यांची, आजार क्रोन्स असेल तर.

क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमधून क्रोन्सचा आजार मांडला, तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरताच मानला गेला. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, हे पुढे कळलं. २००५ च्या मॉन्ट्रियल वर्गीकरणात वय, जागा आणि स्वरूप अशा तीन बाजूंनी त्याची नोंद होते. जागा बहुतेकांत वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. बदलतं ते स्वरूप. आधी नुसती सूज, पण ती आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत. जखमा भरताना वण धरतो, आतडं आकसतं, मग जेवल्यावर कळा, पोट फुगणं, उलट्या. काहींमध्ये सूज भिंत भेदते; गळू होतं, भगंदर होतं. सूज औषधानं उतरते. जून झालेलं आकुंचन उतरत नाही. तिथे फुग्यानं ताणणं किंवा शस्त्रक्रिया, एवढंच उरतं. आणि आकसलेला भाग कापून काढला, तरी जोडापाशी आजार पुन्हा उगवतो, अनेकदा वर्षाच्या आत, रुग्णाला काहीही जाणवत नसताना.

म्हणून ‘गुण आला’ या शब्दांवर आपण विसंबू नये. क्रोन्सच्या काही रुग्णांना एकेटीवरही बरं वाटतं, स्टेरॉइडवर तर भूकही लागते. आत जखमा तशाच असतात. एकेटीचे सहा महिने आणि पुढे लांबवलेला कोर्स, हा काळ त्या आतड्याला फार महाग पडतो. टीबी असेल, तर दोन-तीन महिन्यांत जखमा भरू लागलेल्या दिसतात. दिसल्या नाहीत, तर कोर्स वाढवायच्या आधी निदानाचा फेरविचार व्हायलाच हवा. औषधाला दाद न देणारा टीबीही तेव्हाच शोधावा.

भगंदराबद्दलही सांगतो. लाजेपायी ते लपवलं जातं, दोन-दोनदा कापलं जातं, क्षारसूत्र होतं. तरुण माणसात ते पुन्हा पुन्हा होत असेल आणि वजन घटत असेल, तर आतडं तपासायला पाठवा. तंबाखू ओढणाऱ्याला तर बजावून सांगा. धूम्रपानानं हा आजार जोर धरतो.

लावणीच्या दिवसांत रुग्ण यायचा नाही, मुंबईची फेरी म्हणजे एक खाडा, हे मी जाणतो. म्हणूनच दुपारच्या खुल्या सत्रासाठी माझा एक ठराव आहे: आतड्याच्या टीबीसाठी एकेटी सुरू करताना केसपेपरवर दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीखही त्याच दिवशी लिहावी, ती घरच्यांना समजावून सांगावी, आणि रुग्ण आला नाही तर आपणच फोन करावा.