संगणकांतून वाद्याकडे
(नभोवाणीवरील भाषण)

नभोवाणीवर बोलावयाचें म्हणजे कांहीं विद्वत्तेचें बोलावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्यापाशीं ती पुंजी नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उभा जन्म शाळेंत पाढे आणि त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेला एक पेन्शनर मास्तर. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती निस्तरतांना एका नव्या विद्येशीं माझी तोंडओळख झाली. त्या चुकीची व त्या विद्येची हकीकत आपणांपुढें मांडावी, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

माझा धाकटा भाऊ वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवीत असे. त्याचें आवडतें वाद्य म्हणजे यामाहा कंपनीचा 'डीएक्स-सेव्हन' नांवाचा सिंथेसायझर. हें वाद्य १९८३ सालीं जपानांत तयार झालें. त्याला एकसष्ट पट्ट्या असून एका वेळीं सोळा स्वर वाजूं शकतात, आणि त्याच्या अंगच्या स्मृतींत बत्तीस निरनिराळे आवाज राहतात. वाजविणारे लोक या आवाजांना 'टोन' म्हणतात. भावानें कंपनीचे टोन पुसून त्या जागीं बरेचसे स्वतःचे बसविले होते. त्यांतील एकाला त्यानें 'आजोळ' असें नांव दिलें होतें. आमच्या आजोळच्या देवळांत एक किंचित् चिरकी घंटा होती. तिचा नाद त्यानें कित्येक रात्री जागून या वाद्यांत उतरविला होता. दोन वर्षांपूर्वीं भाऊ गेला, आणि तें वाद्य कापडांत गुंडाळलेलें माझ्या घरीं आलें.

आतां माझी चूक सांगतों. या वाद्याच्या पोटांत तीन व्होल्टचा एक लहानसा लिथियमचा सेल असतो. तो जुना झाला असेल, बदलून घ्यावा, असें कोणी सुचविलें, आणि मी तें एका कारागिराकडे नेलें. तो विचारूं लागला, "मास्तर, आंत कांहीं ठेवलेलं आहे का?" मी हंसून म्हणालों, "यंत्राच्या आंत काय ठेवणार?" त्यानें जुन्या सेलचा डाख सोडविला व नवा सेल बसविला. काम चोख झालें. घरीं आल्यावर पुतण्यानें वाद्य सुरू केलें, बत्तीस बटणें एकामागून एक दाबून पाहिलीं, आणि 'आजोळ' कोठेंच नव्हता. नांवांच्या जागीं अर्थहीन अक्षरें उमटत होतीं. वाद्य बंद असतांना त्याच्या स्मृतीला जिवंत ठेवण्याचें काम तो सेलच करीत असतो. तो निघाला त्या क्षणीं सारें पुसलें गेलें. "काका, सगळं त्या सेलवरच टिकून होतं," एवढेंच पुतण्या बोलला. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

एकच आशा उरली होती. हयातींत भावानें आपले टोन कधीं तरी संगणकांत उतरवून घेतले असावेत. त्याचा जुना संगणक उघडला तों त्यांत शेंकडों फायली, आणि नांवांवरून कांहींच बोध होईना. तेव्हां पुतण्यानें युक्ति काढली. तो म्हणाला, "नांव पाहूं नका, माप पाहा. बरोबर चार हजार एकशें चार बाइटची फाइल शोधा." हाच आंकडा कां, हें समजून घेण्यासाठीं आपल्याला या वाद्याच्या अंतरंगांत थोडें शिरावें लागेल.

पुष्कळांची अशी कल्पना असते कीं, अशा वाद्यांत आवाज साठविलेला असतो. डीएक्स-सेव्हनमध्यें आवाज मुळींच नसतो. आवाज कसा घडवावा याची कृति तेवढी असते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग या संगीतकारास १९६७ सालीं एक चमत्कार आढळला. आपला गवई स्वरावर आंदोलन घेतो, तेव्हां तो स्वर सेकंदास चारपांच वेळां किंचित् वरखालीं होतो व आपल्या कानाला तें हेलकावे कळतात. चाउनिंग संगणकावर हीच आंदोलनें अधिकाधिक जलद करूं लागले. तीं सेकंदास शेंकडों झालीं, तेव्हां हेलकावे ऐकूं येईनासे झाले आणि त्यांच्या जागीं एक नवाच नादाचा रंग उमटला. हीच विद्या पुढें यामाहा कंपनीनें परवाना घेऊन वाद्यांत आणली. डीएक्स-सेव्हनमध्यें एकेका टोनसाठीं सहा साधे लहरीजनक असतात. त्यांतील कोणी कोणाला हालवावें, याच्या बत्तीस मांडण्या ठरलेल्या आहेत. लहरींची प्रमाणें पूर्णांकी असलीं तर आवाज बांसरीसारखा किंवा पेटीसारखा एकजीव होतो. तीं तशीं नसलीं तर नाद धातूचा, घंटेचा येतो. म्हणूनच घंटा हें या वाद्याचें खास अंग आहे, आणि म्हणूनच माझ्या भावाला देवळाचा मोह पडला असावा.

ही सारी कृति अंकांनीं लिहिली जाते. एका टोनला १२८ बाइट पुरतात, व त्यांतच टोनचें दहा अक्षरांचें नांवही येतें. बत्तीस टोनचे झाले ४,०९६ बाइट. संदेशाच्या आरंभीं कोण बोलतो आहे व काय पाठवितो आहे हें सांगणारे सहा बाइट, शेवटीं एक ताळ्याचा आणि एक समाप्तीचा. एकूण बेरीज ४,१०४. तीन फायली या मापाच्या निघाल्या. त्या साध्या मजकुराप्रमाणें उघडून पाहिल्या तर मधूनमधून टोनचीं नांवें रोमन लिपींत वाचतां येतात. तिसऱ्या फायलींत आम्हांला 'आजोळ' दिसला. एवढा थोरला देऊळवाडा एकशें अठ्ठावीस बाइटांत मावला होता.

फाइल मिळाली, पण ती वाद्यांत पोहोंचवावयाची कशी? यासाठीं 'मिडी' नांवाची एक सर्वमान्य बोली आहे. निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें परस्परांशीं बोलूं शकावींत म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें ती १९८३ सालीं प्रचारांत आली. या कामगिरीबद्दल त्या दोघांना २०१३ मध्यें ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. या बोलीचा नियम सुटसुटीत आहे. शून्यापासून १२७ पर्यंतचे अंक म्हणजे मजकूर. १२८ व त्यावरचे अंक म्हणजे हुकूम. २४० हा अंक आला कीं एखाद्या कंपनीचा खास संदेश सुरू झाला असें समजावें. लगेच ६७ आला तर तो यामाहाचा. आणि २४७ आला कीं संदेश संपला. तारेचें टोक वाद्याला लागतें तेथें आणखी एक गंमत आहे. येणारी वीज थेट वाद्यांत शिरत नाहीं. तिच्यानें आंत एक लहानसा दिवा लुकलुकतो, व त्याचा उजेड पाहून पलीकडचा भाग अंक टिपून घेतो. त्यामुळें एका यंत्रांतील विजेचा उपद्रव दुसऱ्याला होत नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्हीं तीन तास घालविले आणि हातीं कांहीं लागलें नाहीं. आमच्या चुका मी क्रमानें सांगतों, कारण त्या बहुतेकांच्या होतात.

पहिली चूक तारेची. जोडतारेच्या ज्या टोकावर 'आंत' असा अर्थाचा इंग्रजी शब्द असतो, तें वाद्याच्या 'बाहेर' या भोंकांत बसवावयाचें असतें, व 'बाहेर' तें 'आंत'मध्यें. आम्हीं सारख्याला सारखें जोडलें.

दुसरी चूक परवानगीची. या वाद्याला असे खास संदेश ऐकण्याची आज्ञा आधीं द्यावी लागते; ती दिली नसेल तर तें सारें मुकाट्यानें सोडून देतें, तक्रारही करीत नाहीं.

तिसरी चूक कुलपाची. स्मृतीवर एक संरक्षण असतें. 'इंटर्नल'चें बटण दाबून मग 'नो' दाबावें, म्हणजे तें कुलूप निघतें.

चौथें विघ्न मात्र आमच्या चुकीचें नव्हतें. बाजारांतील स्वस्त जोडतारेंत एकेक सूर नीट जातो. पण हजारों बाइटांचा संदेश एकदम आला कीं तिच्या मधल्या डबीला तो झेपत नाहीं व कांहीं अंक गळून पडतात. वाद्याच्या पडद्यावर चुकीची सूचना आली, ती यामुळें.

ही चूक वाद्याला कशी कळली, हें ऐकून माझ्यांतला मास्तर जागा झाला. आपण गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहतों ना? तोच येथें आहे. फक्त नवाऐवजीं १२८ चा. सर्व ४,०९६ अंकांची बेरीज करावयाची, आणि ती १२८ नें निःशेष भागली जाण्यासाठीं आणखी जो अंक मिळवावा लागेल, तो शेवटीं जोडावयाचा. घेणारा पुन्हां बेरीज करतो. बाकी उरली तर वाटेंत कांहीं बिघडलें. आपल्या ताळ्यांत जो दोष आहे तोही येथें आहे. मुलानें ५४ च्या जागीं ४५ लिहिले तर नवाच्या ताळ्याला तें कळत नाहीं. तसेच दोन अंकांनीं परस्पर जागा बदलल्या तर यालाही कळत नाहीं. शाळेंतली विद्या फुकट जात नाहीं, हें मला साठी उलटल्यावर असें पटलें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें ओळखीच्या एका वादकाकडून चांगली जोडपेटी आणली. बटण दाबलें. मिडीची गति सेकंदास ३१,२५० बिटांची. एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदास ३,१२५ बाइट. आपला संदेश ४,१०४ बाइटांचा. भागाकार आपण करून पाहावा. सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मी श्वास रोखला तोंच पडद्यावर संदेश पोहोंचल्याची अक्षरें आलीं.

येथें जातां जातां एक तुलना करतों. ज्या वाद्यांत खरोखरीचा ध्वनि मुद्रित करून ठेवतां येतो, त्यांना 'सँप्लर' म्हणतात. त्यांच्याकडे याच तारेनें ध्वनि पाठविण्याचीही एक रीत ठरलेली आहे. तींत चाळीस चाळीस मोजमापांचें एकेक पुडकें करतात. पुडकें १२७ बाइटांचें. प्रत्येक पुडक्यावर घेणारा 'पावलें', 'पुन्हां पाठवा' किंवा 'जरा थांबा' अशी पावती देतो. उत्तम प्रतीच्या ध्वनींत सेकंदास ४४,१०० मोजमापें, म्हणजे अकराशें तीन पुडकीं, म्हणजे सुमारें एक लाख चाळीस हजार बाइट. एका सेकंदाचा ध्वनि जावयास पंचेचाळीस सेकंद! ध्वनि पाठविणें व ध्वनीची कृति पाठविणें यांत हें अंतर आहे. लाडवांचा डबा पाठवावयास गाडी लागते. कृति पोस्टकार्डावर जाते.

पण कृति हातीं आली म्हणजे लाडू वळतां येतोच असें नाहीं. पुतण्यानें 'आजोळ' काढून पट्टी दाबली, आणि कर्कश खणखणाट झाला. त्याचा चेहरा उतरला. हें वाद्य पट्टी किती जोरानें दाबली तें मोजतें, व त्याप्रमाणें नादाचा रंग बदलतें. त्याच्या बापाची वाजविण्याची ढब त्यानें लक्ष देऊन पाहिली नव्हती. मीं पाहिली होती. मी म्हणालों, "खालच्या सप्तकांत ये. अगदीं हळू दाब, आणि बोट उचलूं नकोस." त्यानें तसें केलें. ती चिरकी घंटा वाजली आणि बराच वेळ घुमत राहिली. नाद विरेपर्यंत आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं.

त्या संध्याकाळीं मीं एका कागदावर प्रत्येक टोन कोणत्या सप्तकांत, किती हलक्या हातानें वाजवावयाचा, हें आठवेल तेवढें लिहून काढलें व वाद्याच्या झांकणाला आंतून चिकटविलें. बत्तिसांपैकीं अकराच आठवले. फायलीला ताळा आहे. माझ्या आठवणीला नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असें जुनें वाद्य असेल तर माझी एवढीच विनंति आहे. सेलला हात लावण्यापूर्वीं आंतील सर्व टोन संगणकांत उतरवून घ्यावेत. नवे भरण्यापूर्वींही तसेंच करावें, कारण नवे येतांच जुने बत्तीस पुसले जातात. फायलीच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्यात. आणि ज्या माणसाला त्या वाद्याची ढब ठाऊक आहे, तो हयात असेल, तर त्याच्यापाशीं बसून चार ओळी लिहून घ्याव्यात. कारागिरानें "आंत कांहीं ठेवलेलं आहे का?" असें विचारलें, तर हंसूं नये.