सात ते एक ठिपक्यांचं गणित

हातातलं काम चालू राहू द्या, भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल. आज मुलांच्या गणिताबद्दल बोलायचंय. ‘आमचं कुठे एवढं शिक्षण झालंय’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

आम्ही पाचजणी. कुणी सातवी शिकलेली, कुणी दहावी. दर रविवारी दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर वस्तीतली मुलं जमवतो. रांगोळी, चिंचोके, लग्नाच्या जुन्या पत्रिका, कात्री एवढंच सामान. लोक विचारतात, ‘चित्रं काढून गणित येतं होय?’ नुसती चित्रं काढून येत नाही. पण चित्र काढताना वेळेवर एक प्रश्न विचारला, तर येतं.

सात ते एक ठिपक्यांची रांगोळी आपल्या सगळ्यांच्या हातात बसलेली. मधल्या ओळीत सात ठिपके, वर पाच, तीन, एक आणि खालीही पाच, तीन, एक. रेषा जोडायच्या आधी मुलांना थांबवायचं आणि विचारायचं, एकूण ठिपके किती? कुणी एकेक मोजतं, कुणी ओळीओळीनं बेरीज करतं. उत्तर येतं २५. मग विचारायचं, एकेक न मोजता सांगता येईल का?

इथे चिंचोके काढा. एक चिंचोका ठेवा. त्याच्या उजवीकडे एक, खाली एक आणि कोपऱ्यात एक, असे तीन लावा. दोन-दोनचा चौकोन झाला. त्याच दोन बाजूंना आणखी पाच लावा, तीन-तीनचा चौकोन होतो. पुढे सात लावले की चार-चारचा. म्हणजे एक, तीन, पाच आणि सात यांची बेरीज चार चोक सोळा. रांगोळीतही वरून मधल्या ओळीपर्यंत सोळाच ठिपके आहेत. खाली उरले पाच, तीन, एक, म्हणजे तीन त्रिक नऊ. सोळा नि नऊ पंचवीस. उद्या पुस्तकात ‘वर्गसंख्या’ हा शब्द आला, की मुलांना चिंचोक्यांचा चौकोन आठवेल.

आता अपूर्णांक. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? चारापेक्षा आठ मोठे म्हणून बरीच मुलं अष्टमांश सांगतात. रागावू नका, कागद द्या. एक घडी घातली की दोन भाग, दुसरी घातली की चार, तिसरी घातली की आठ. प्रत्येक घडीला हातातला कागद लहान होत जातो, आणि उत्तर त्यांचं त्यांनाच दिसतं. मग त्याच घडीची नक्षी करा. घडीपासून लांब, मधोमध दाभणानं एक भोक पाडा आणि उघडण्याआधी विचारा, भोकं किती? आठ. आता शेवटच्या घडीवर कात्रीनं अर्धा गोल कापला, तर पूर्ण गोल किती होतील? चार. आठ का नाहीत, यावर मुलं भांडतात. भांडू द्या. नक्षीच्या पताका होतात, त्या दारावर लावा.

कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवण्याची ही रीत जुनी आहे. टी. सुंदर राव यांनी त्यावर इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं, ते १८९३ साली मद्रासला छापलं गेलं.

तिसरा खेळ गोधडीचा. पत्रिकांचे सारखे २४ चौकोन कापा. त्यांची कागदी गोधडी मांडायला सांगा, सहा-चारची, आठ-तीनची किंवा बारा-दोनची. तुकडे तेच, पण काठाची पट्टी सारखीच लागेल का? मुलं बोट फिरवून काठ मोजतात. सहा-चारला २० तुकड्यांच्या लांबीएवढी पट्टी लागते, आठ-तीनला २२, बारा-दोनला २८. क्षेत्रफळ तेच आणि परिमिती वेगळी, हे पाठ करावं लागत नाही.

तीन गोष्टी मात्र सांभाळा. आधी मुलांना अंदाज करू द्या, मग मोजू द्या. उत्तर चुकलं तर ‘कसं काढलंस?’ विचारा आणि थांबा, लगेच सांगू नका. आणि खेळ संपला की जे सापडलं ते अंकांत वहीवर लिहायला लावा. परीक्षेत चिंचोके नसतात, ही जोड आपणच घालून द्यायची आहे.

मैत्रिणींनो, पोरगी आठवीत गेली की घरात बोललं जातं, ‘हिला रांगोळी छान येते, गणिताचं मात्र हिचं काही खरं नाही.’ चारदा ऐकलं की पोरीलाही ते खरं वाटतं. ती वही मिटते. पुढे आयटीआय असो, नर्सिंग असो की बँकेची परीक्षा, हिशेब आला की ती मागे सरते. ज्या हाताला २५ ठिपके न चुकता, सारख्या अंतरावर काढता येतात, त्या हाताला गणित येत नाही असं कसं म्हणायचं?

आपल्याला सगळी उत्तरं यायलाच हवीत असं नाही. ‘किती?’ आणि ‘कसं कळलं?’ एवढं विचारता आलं तरी पुष्कळ. उद्या सकाळी अंगणात रांगोळी घालाल, तेव्हा पोरांना शेजारी बसवा आणि ठिपके मोजायला लावा. पोरांनाही, पोरींनाही.

येते आम्ही. नमस्कार.