खिडक्या उघड्या ठेवा



मी ऊर्जानगरचा. अब्बा थर्मलमध्ये नोकरीला होते. २९२० मेगावॅटचं केंद्र शेजारी असलं की वीज मिळते तशी राखही मिळते. त्यामुळे आमच्या घरात रोजची सूचना एकच, खिडकी लावून घे.

इंजिनिअरिंग करून मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी परतलो. आपल्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, पण मी सांगतोय ती खरंच सिस्टरांची शाळा. मुख्याध्यापिका सिस्टरांनी बोलावून विचारलं, ऑनलाइन वर्ग लावून देशील का? मी आठवड्यात लावून दिले. हजेरीचा बोर्डही केला. मूल जोडलं गेलं की नावापुढे हिरवा ठिपका. मी खूश होतो.

दोन महिन्यांनी सिस्टर म्हणाल्या, "हे ठिपके हिरवे आहेत, पण या मुली उत्तर का देत नाहीत?"

त्यातली एक आमच्याच गल्लीतली. वडील ऑटो चालवतात, घरात तीन भावंडं आणि एक फोन. भाऊ वर्ग सुरू करून फोन ठेवून द्यायचा. ठिपका हिरवा असायचा आणि ती चुलीपाशी. ती नववीत होती. पुढच्या वर्षी तिचा निकाह ठरल्याचं कळलं. शाळा सुरू असती तर ठरला नसता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण रोज तिची वाट पाहणारं कुणीतरी असतं, एवढं नक्की. मी ठिपक्यालाच मूल समजलो, ही माझी चूक.

आता तारखा पाहा. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडले. मग दुसरी लाट आली. पहिली ते चौथीची मुलं तर थेट डिसेंबर २०२१ मध्ये वर्गात आली. म्हणजे दुसरीत घरी गेलेलं मूल चौथीत परतलं. मधली तिसरी गेली कुठे?

त्याच काळात, २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक शाळा प्रत्यक्ष भरल्या, तेव्हा तिथल्या अनेक मोठ्या शहरांच्या सरकारी शाळा ऑनलाइन होत्या. मास्क, अंतर, ठरलेल्या मुलांचा छोटा गट आणि उघड्या खिडक्या, असे त्यांचे उपाय होते. हे निव्वळ सेवाभावातून झालं असं नाही. फी बंद झाली तर शाळाच बंद पडणार होती. त्या वर्षी त्यांची पटसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि दोनशेवर शाळा बंदही झाल्या. पुढच्या वर्षी मात्र पट ३.८ टक्क्यांनी वाढला. त्यांची व्यवस्था, त्यांचा पैसा आपल्यासारखा नाही, हेही खरं. पण "उघडायची की नाही" इथे न अडकता त्यांनी "कशी उघडायची" हा प्रश्न घेतला.

आम्हा थर्मलच्या पोरांना हे नवीन नाही. परमिट घेतल्याशिवाय अब्बा यंत्राला हात लावत नसत. लाइन बंद, कुलूप, पाटी, हेल्मेट. एक उपाय चुकला तर दुसरा सावरतो. आमच्या वसाहतीत वाघ-बिबट फिरतात, म्हणून कुणी रात्रपाळी बंद केली नाही. झुडपं तोडली, दिवे लावले, लोक घोळक्याने जाऊ लागले. शाळेलाही हेच लागू होतं.

शाळा उघडल्यावर आपण काय केलं? दारात कपाळावर तापमापक रोखला, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि आत राखेच्या भीतीने खिडक्या बंद! हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेऊन वर्गात बसलो. बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० असतो. बंद वर्गात अर्ध्या तासात तो हजारापुढे गेला. म्हणजे मुलं एकमेकांनी सोडलेला श्वास परत घेत होती. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या आणि आकडा उतरत गेला. राखेचं काय? वारा चिमण्यांकडून येईल त्या दिवशी वर्ग कडुनिंबाखाली नेऊन भागत नाही, राख तिथेही येते. म्हणून सिस्टरांनी रोज वाऱ्याची दिशा बघून खिडक्या ठरवल्या, सकाळची शाळा केली आणि वयस्कर शिक्षकांना गर्दीच्या वर्गातून मोकळं केलं. शिक्षकांचा जीव धोक्यात घालून शाळा उघडायची, याला सुरक्षित म्हणत नाहीत.

हे आपल्यासमोर का सांगतोय? संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा जो हक्क दिला, तो त्यांना आहे तसा आपल्यालाही आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसने २०२० मध्ये मशिदीतली जागा विलगीकरणासाठी दिली. मग पुढच्या संकटात मोहल्ल्यातला हॉल, मदरशाचं अंगण, मशिदीची गच्ची दहा-दहा मुलांच्या वर्गाला का देऊ नये? तिथे मुलीही बसतील, हे आधीच ठरवून.

पुढची साथ कधी येईल ते मला ठाऊक नाही. उन्हाची लाट, पूर, प्रदूषण, शाळा बंद करायला कारणं पुष्कळ आहेत. म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या भागातल्या शाळेत जा, खिडक्या उघडतात का बघा. २०२० मध्ये पटावर होती आणि आज शिकत नाहीत, अशा मुलामुलींची नावं लिहून काढा. त्यांच्या दारी जा. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे अनेक घरांना माहीतच नाही.

आमच्या गल्लीतल्या त्या मुलीकडे मी उशिरा गेलो. दार तिनेच उघडलं, कडेवर बाळ होतं. फॉर्म ठेवून घेतला आणि म्हणाली, "भाईजान, पुस्तकं मिळतील का?"

पुस्तकं पोचवलीत.