मैदान कुणाचं? ओस्लोच्या एका वस्तीतल्या क्लबाची गोष्ट

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. बोलताना आले तसेच शब्द ठेवले आहेत.)



आज मी कर्जफेडीवर बोलणार नाही, घाबरू नका. आज एका खेळाच्या क्लबाची गोष्ट सांगणार आहे. क्लब लांबचा, नॉर्वे देशातला. तुम्ही म्हणाल, खेळाशी आपला काय संबंध? जरा दम धरा. गोष्ट खेळाची आहे, पण तिच्यात सभा आहे, हिशेब आहे, सह्या आहेत, आणि बायकांना उशिरा मिळालेली जागाही आहे.

नॉर्वे म्हणजे युरोपच्या अगदी उत्तरेचा देश. लोकसंख्या साधारण ५५ लाख. राजधानी ओस्लो. या शहराच्या पूर्व भागात वोलेरेंगा नावाची वस्ती आहे. पूर्वी ती शहराच्या हद्दीबाहेर होती. शहरात आगीच्या भीतीने विटांचीच घरं बांधायचा नियम होता. विटा परवडणार कुणाला? म्हणून कामगार माणसं हद्दीबाहेर गेली आणि त्यांनी लाकडाची छोटी छोटी घरं बांधली. १८७८ साली ही वस्ती शहरात आली, पण लोक तेच, हातावर पोट असलेले.

या वस्तीतल्या पोरांनी २९ जुलै १९१३ रोजी फुटबॉलचा संघ काढला. नाव ठेवलं ‘स्पार्क’, म्हणजे लाथ! चेंडूला मारायची लाथ. त्यांच्या पाठीशी वस्तीतले एक पाद्री होते, हान्स मोल्लर गासमान. पोरांना चांगल्या नादाला लावायचं, एवढाच त्यांचा हेतू. थोड्याच दिवसांत संघाने ते नाव सोडलं आणि आपल्या वस्तीचंच नाव घेतलं. आजही तो क्लब वोलेरेंगा नावानेच ओळखला जातो. वय झालं शंभराच्या वर.

आता नॉर्वेत हिवाळा म्हणजे कितीतरी महिने बर्फ. मैदान गोठतं, मग फुटबॉल खेळणार कुठे? पण पोरं तीच, क्लब तोच. म्हणून उन्हाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात बर्फावरचे खेळ, अशी तिकडे रीतच पडली. वोलेरेंगाही असाच अनेक खेळांचा क्लब झाला. १९५२ साली ओस्लोत हिवाळी ऑलिंपिक भरलं, त्यासाठी या वस्तीजवळच बर्फाचं स्टेडियम उभं राहिलं. १९६० साली वोलेरेंगाने बर्फावरच्या हॉकीत देशाचं पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि १९६५ साली फुटबॉलमध्ये. गरिबांच्या वस्तीचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी झालं.

इथे मी जरा थांबते. तारीख पुन्हा ऐका. क्लब निघाला जुलै १९१३ मध्ये. त्याच्या दीड महिना आधी, ११ जून १९१३ ला, नॉर्वेच्या संसदेने सगळ्या बायकांना मतदानाचा हक्क दिला. म्हणजे ज्या उन्हाळ्यात बाई मतपेटीपर्यंत पोचली, त्याच उन्हाळ्यात तिच्या वस्तीतला क्लब निघाला. पण मैदानावर तिचं नाव नव्हतं. फुटबॉल म्हणजे पुरुषांचा खेळ, असं तिकडेही पक्कं ठरलेलं होतं. बाई काय करायची? कपडे धुवायची, बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायची. देशातल्या बायकांची पहिली फुटबॉल चषक स्पर्धा कधी झाली माहितीये? १९७८ साली. मत मिळालं, त्यानंतर पासष्ट वर्षांनी!

हक्क एकदा मिळाला की सगळी दारं आपोआप उघडतात, असं नसतं बायांनो. प्रत्येक दार वेगळं ठोठवावं लागतं.

१९८६ साली मेक्सिकोत फिफाची, म्हणजे जगाच्या फुटबॉल संघटनेची सभा भरली. सगळं सभागृह पुरुषांचं. तिथे नॉर्वेच्या एलेन विले नावाच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्या सभेत बोलणारी ही पहिली बाई. त्या म्हणाल्या, बायकांचीही विश्वचषक स्पर्धा झाली पाहिजे. पुढे १९९१ साली चीनमध्ये ती स्पर्धा झाली, आणि १९९५ साली नॉर्वेच्या बायकांनी ती जिंकली. एका बाईने सभेत उभं राहून विषय काढला, तिथून हे पुढे गेलं. म्हणून मी म्हणते, सभेला नुसती सही करून जाऊ नका, बोला.

आता क्लब चालतो कसा, ते ऐका. हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

नॉर्वेतला असा क्लब सभासदांचा असतो, कुणा मालकाचा नसतो. वर्गणी भरलेल्या आणि पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक सभासदाला वार्षिक सभेत एक मत. सभा मार्चअखेरपर्यंत घ्यावीच लागते. बँकेचं खातं एकट्याच्या हातात नाही, किमान दोघांनी मिळूनच व्यवहार करायचा. कार्यकारिणीत बाई आणि पुरुष दोघंही असलेच पाहिजेत, हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही. वोलेरेंगात तर फुटबॉलचा हिशेब वेगळा, हॉकीचा वेगळा. नाव एक, पण खाती वेगळी. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. आहे की नाही आपल्यासारखं?

आणि कामं कोण करतं? त्यांच्याकडे एक शब्द आहे, ‘दुग्नाद’. सगळ्यांनी मिळून, पैसे न घेता करायचं काम. आपण श्रमदान म्हणतो, गावाकडे सावड म्हणतो, तसंच. २००४ साली तिकडच्या लोकांनी हाच शब्द देशाचा शब्द म्हणून निवडला. पोरं खेळतात तेव्हा आईबाप पाळीपाळीने चहा-कॉफी आणि खायचं विकतात. मैदान झाडतात. लहानांना शिकवणारेही बहुतेक कुणाचे तरी आईबापच. खर्च भागवायला घरोघरी जाऊन लॉटरीची तिकिटं विकतात, टॉयलेट पेपरचे गठ्ठेसुद्धा विकतात. त्यात लाज वाटत नाही कुणाला.

सरकारकडूनही पैसा येतो, पण कुठून? सरकारी जुगार कंपनीच्या नफ्यातून. १९४८ पासून फुटबॉलच्या निकालांवर पैजा लागतात आणि नफ्याचा मोठा वाटा खेळांना जातो. दारू आणि पत्त्यांपायी संसार मोडलेले आपण पाहिलेत. ही गोष्ट आपल्याला पचणार नाही, आणि पचवायलाही मी सांगत नाही. चांगल्या क्लबाची प्रत्येक गोष्ट उचलायचीच असते, असं थोडंच आहे.

एक प्रसंग मात्र मनात ठेवा. १९४० साली जर्मन फौजांनी नॉर्वे बळकावला. नव्या सत्तेने खेळाच्या संघटनांमधली निवडून आलेली माणसं काढली आणि वरून आपली माणसं बसवली. देशभरच्या क्लबांनी काय केलं? खेळणंच थांबवलं. सरकारी सामन्यांना प्रेक्षक जाईनात. १९४५ पर्यंत, पाच वर्षं! पोरं गुपचूप रानात जाऊन खेळायची. खेळ त्यांना जीव की प्राण होता, तरी आमची कमिटी आम्हीच निवडणार, यावर ते हटले नाहीत. कमिटी वरून लादली तर क्लब आपला राहत नाही, हे त्यांना कळलं होतं.

लहान पोरांसाठीही त्या देशात नियम आहेत. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत गुणतक्ता लावायचा नाही, पहिला-दुसरा नंबर लावायचा नाही. आधी गोडी लागू दे, मग स्पर्धा.

सगळं छान आहे असंही नाही. वर्गणी वाढते, बूट, काठ्या, स्केट्स महाग होतात, आणि कमी कमाईच्या घरातली पोरं मागे राहतात. बाहेरदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या मुली तर आणखी कमी दिसतात. कामगारांच्या पोरांसाठी निघालेल्या क्लबापुढे आज हाच प्रश्न आहे, की गरिबाचं पोर आत येतंय का?

आता शेवटचं. २०२० साली वोलेरेंगाच्या बायकांच्या फुटबॉल संघाने देशाची लीग आणि चषक दोन्ही जिंकलं. २०२३ साली तर गंमतच झाली. क्लबाचा पुरुषांचा संघ हरला आणि खालच्या गटात घसरला. त्याच वर्षी बायकांनी पुन्हा लीग जिंकली. ज्यांना एके काळी मैदानावर जागा नव्हती, त्यांनीच त्या वर्षी वस्तीची मान ताठ ठेवली.

आपल्या गावात शाळेचं मैदान आहे. संध्याकाळी तिथे कोण असतं? पोरं असतात, आणि असू देत. पण सातवी झाली की आपल्या मुली कुठे जातात? पाण्याला, स्वयंपाकाला, धाकट्याला सांभाळायला. त्यांना घरी बोलावणाऱ्या आपणच असतो ना? मीही बोलावलंय माझ्या लेकीला. तिने एकदा विचारलं होतं, ‘आई, दादाला का नाही बोलावत?’ मला उत्तर देता आलं नव्हतं.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्ज आणि बचतीचे विषय झाले की हा एक विषय घ्या: आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मुलींना, आणि पाळीपाळीने दोन आया तिथे हजर. पैसा लागत नाही. ठराव लिहा, सह्या करा, इतिवृत्तात नोंद घाला. आणि कोणी विचारलं की बायकांचं मैदानावर काय काम, तर त्यांना वोलेरेंगाची गोष्ट सांगा.