मिरकरवाड्याच्या जेटीवर यंत्रमानव : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

(मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक व किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्यापुढे मिरकरवाडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्रमानव हा विषय मासळी बंदरावर बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु माणसाप्रमाणे दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती आता घरोघरी पोचल्या आहेत आणि त्यांच्या किमतीही जाहीर झाल्या आहेत. किंमत जाहीर झालेली वस्तू आज ना उद्या कोणत्या तरी संस्थेच्या सभेपुढे ठरावाच्या रूपाने येतेच. तो ठराव आला असता आपण कोणते प्रश्न विचारावेत, एवढ्यापुरताच माझा आजचा विचार मर्यादित आहे.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० मधील नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ ‘वेठ’ असा आहे. वेठबिगार म्हणजे काय हे कोकणातील माणसाला वेगळे सांगावयास नको. प्रत्यक्षात असे यंत्र उभे राहण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. जपानमधील वासेदा विद्यापीठाने १९७३ मध्ये ‘वाबोट-१’ हा पूर्णाकृती यंत्रमानव तयार केला. होंडा कंपनीचा ‘आसिमो’ २००० साली आला, देशोदेशींच्या प्रेक्षकांना त्याने चकित केले आणि २०२२ मध्ये तो निवृत्तही झाला. या अवघ्या काळात या यंत्रांचे स्थान प्रदर्शनात व प्रयोगशाळेत होते. ती विक्रीच्या फळीवर आली आहेत, ती अगदी अलीकडे.

आज खरेदीदारापुढे असलेल्या यंत्रांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चीनमधील युनिट्री कंपनीने मे २०२४ मध्ये ‘जी-१’ हे यंत्र १६,००० डॉलरला जाहीर केले. त्याची उंची सुमारे १.३ मीटर, वजन सुमारे ३५ किलो आणि एका भारणीवर काम करण्याची मुदत दोन तासांच्या आसपास. त्याचा एक हात साधारणपणे दोन किलो वजन पेलतो. याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये ‘आर-१’ हे आणखी लहान यंत्र ५,९०० डॉलरला जाहीर केले. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील ‘डिजिट’ आहे. ते माणसाच्या उंचीचे असून सुमारे १६ किलोचा डबा उचलते. ‘अपोलो’ या यंत्राची उचलण्याची क्षमता २५ किलो आणि बॅटरीची मुदत चार तास असल्याचे त्याचे निर्माते सांगतात. ‘निओ’ नावाचे घरकामाचे यंत्र ऑक्टोबर २०२५ मध्ये २०,००० डॉलरला नोंदणीसाठी खुले झाले. त्याला जे काम जमणार नाही ते कंपनीचा माणूस दूरवर बसून त्याच्याकडून करवून घेईल, असे कंपनीने उघडपणे सांगितले. हा प्रामाणिकपणा स्तुत्य आहे. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की आपण यंत्र विकत घेतो तेव्हा त्यामागे बसलेला एक माणूसही घेतो, आणि तो माणूस आपले घर पाहत असतो.

किंमत व वजन यांवरून तुलना करणे सोपे आहे, पण ती फसवी आहे. खरी तुलना झालेल्या कामाची करावयास हवी, आणि तशा नोंदी आता थोड्या का होईना मिळू लागल्या आहेत. अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथे बी.एम.डब्ल्यू.च्या मोटार कारखान्यात ‘फिगर ०२’ हे यंत्र पत्र्याचे भाग जोडणीच्या साच्यात ठेवण्याचे काम करीत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी हिशेब प्रसिद्ध केला : सुमारे १,२५० तासांत ९०,००० हून अधिक भाग. म्हणजे तासाला सुमारे ७२. सर्वाधिक बिघाड कोठे झाला, हेही त्यांनी सांगितले. तो झाला मनगटाच्या मागच्या भागात, कोपरापासून पंजापर्यंतच्या हातात. तारा, मोटारी आणि उष्णता यांची सर्वांत दाटी तेथेच असते. टोपली उचलून ज्यांचे हात दुखतात त्यांना या बिघाडाचे नवल वाटणार नाही.

‘डिजिट’ हे यंत्र जॉर्जिया राज्यातील एका गोदामात २०२४ पासून प्लास्टिकचे डबे हलविते. एक लाख डबे पार पडल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. आकडा मोठा वाटतो. परंतु सतरा-अठरा महिन्यांवर तो पसरला असता दिवसाला सरासरी दोनशेच्या आसपास पडतो. मिरकरवाड्यात हंगामाच्या ऐन दिवसांत एकेका मोठ्या नौकेतून किती क्रेट उतरतात, हे येथील तांडेलांनी मनाशी ताडून पाहावे.

जपानमधील नागासाकीजवळच्या एका हॉटेलची हकीकत याहून बोधप्रद आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलाने २४३ यंत्रे कामास लावली होती आणि २०१९ च्या सुमारास त्यांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकली. खोलीतील बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून त्याला रात्री जागे करी. यंत्रांनी कर्मचाऱ्यांचे काम कमी करण्याऐवजी वाढविले होते.

आता आपल्या जेटीकडे वळू. वर सांगितलेल्या कारखान्यांतील जमीन सपाट, कोरडी आणि एका पातळीवर आहे. येथे जेटी स्थिर आणि नौका हलती. भरतीला नौकेचा काठ जेटीच्या जवळ येतो, ओहोटीला तो खाली जातो, आणि खलाशी हातोहात टोपल्या वर देतात. पायाखाली मासळीचा चिकटा, बर्फाचे पाणी, दोरखंड व जाळी. हवेत मीठ. मासळी व बर्फ यांनी भरलेली क्रेट तीस किलोच्या घरात जाते. जे यंत्र एका हाताने दोन किलो पेलते, ते येथे उत्सवमूर्ती म्हणूनच शोभेल.

विक्रेते पत्रकात ‘आय.पी. ६५’, ‘आय.पी. ६७’ अशी अक्षरे छापतात. त्यांतील पहिला अंक धुळीपासून व दुसरा पाण्यापासून होणाऱ्या बचावाचा असतो. खाऱ्या हवेने होणाऱ्या गंजाचा त्या अंकांत समावेश नाही. त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि तिचा दाखला वेगळा मागावा लागतो. इंजिनाचे सुटे भाग किती दिवसांत गंजतात हे जाणणाऱ्या मच्छीमाराने हा दाखला विसरून चालणार नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा सूक्ष्म आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सामान्य यंत्र धोक्याच्या वेळी बटण दाबून बंद केले की थांबते. दोन पायांवरचे यंत्र तोल सांभाळण्यासाठी क्षणोक्षणी वीज वापरीत असते. वीज तोडली की ते थांबत नाही, कोसळते. साठ-सत्तर किलोचे धूड माणसांच्या गर्दीत कोसळणे म्हणजे काय, हे लिलावाच्या वेळची जेटी ज्याने पाहिली त्याला कळेल. म्हणूनच अशी यंत्रे कारखान्यांत बहुधा माणसांपासून अलग राखलेल्या जागेत चालविली जातात. त्यांच्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकाचा मसुदा २०२५ मध्ये तयार होत होता. बीजिंगमध्ये १९ एप्रिल २०२५ रोजी अर्ध-मॅरेथॉनमध्ये २१ यंत्रमानव धावले, पैकी सहाच अंतिम रेषेपर्यंत पोचले. पहिला आलेला यंत्रमानव २ तास ४० मिनिटे धावला. वाटेत त्याची बॅटरी तीनदा बदलावी लागली आणि तो एकदा पडलाही. तो रस्ता डांबरी होता.

हिशेब मांडताना ‘ताशी खर्च’ काढावा. समजा १६,००० डॉलरचे यंत्र तीन वर्षे टिकले. २०२४ च्या दराने ही रक्कम सव्वातेरा लाख रुपयांच्या आसपास जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, वादळी दिवस वेगळे. वर्षाचे दोनशे दिवस व रोजचे चार तास धरले तर तीन वर्षांत २,४०० तास होतात. ताशी सुमारे साडेपाचशे रुपये झाले. यात सीमाशुल्क, जादा बॅटरी, दुरुस्ती आणि यंत्राशेजारी उभा राहणारा तंत्रज्ञ धरलेला नाही. दिवस व तास माझे गृहीत आहेत, प्रत्येक संस्थेने आपले घालावेत. पण हिशेब याच रीतीने करावा.

याचा अर्थ यंत्रे नकोत, असा कोणी घेऊ नये. यंत्राला माणसाचे रूप हवेच कशाला, एवढाच माझा प्रश्न आहे. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोने २०१० पासून कामगारांच्या शेजारी काम करणारे यंत्रहात बसविले. त्यांना ना पाय आहेत ना चेहरा. रत्नागिरीच्याच गद्रे मरीन या कंपनीत मासळीच्या मांसापासून सुरिमी तयार होते, तीही यंत्रांनीच. पण त्यातील एकाही यंत्राला डोके लावण्याची गरज कोणाला वाटली नाही. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर अवैध मासेमारीवर ड्रोनने देखरेख सुरू झाली. डोळ्याचे काम होते, म्हणून उडणारा डोळा घेतला गेला. आपल्या जेटीला आज भरती-ओहोटीप्रमाणे खालीवर होणारा विजेचा उचलक, क्रेट सरकविणारा पट्टा आणि न गंजणाऱ्या चाकांच्या गाड्या यांचा उपयोग अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका कामासाठी मात्र मी यंत्रावर आग्रहाने पैसे खर्च करावे म्हणेन. नौकेच्या ज्या खणात मासळी साठवितात, तेथे ती कुजली की विषारी वायू साठतो आणि साफसफाईस उतरलेला खलाशी बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यास उतरलेलाही पडतो. गटारांच्या बाबतीत केरळातील तरुण अभियंत्यांनी २०१८ च्या सुमारास ‘बॅन्डिकूट’ नावाचे यंत्र कामास आणले. ते वरून चालविले जाते आणि माणसाऐवजी मॅनहोलमध्ये उतरते. नौकेच्या खणासाठी तसे काही तयार करणे हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाने आणि रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनाने मिळून हाती घेण्याजोगे काम आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नाचणाऱ्या यंत्रमानवाची चित्रफीत जरूर दाखवावी. मात्र प्रकल्प म्हणून खणाचे माप घेण्यास त्यांना नौकेवर आणावे.

मासळी निवडणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या व डोक्यावरून टोपल्या वाहणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख खरेदीच्या प्रस्तावांत सहसा ‘मजुरीवरील खर्च’ या एका ओळीत येतो. ती ओळ कमी करणे हेच यंत्राचे समर्थन असेल, तर कोणाच्या घरची किती मिळकत जाणार, हे प्रस्तावातच लिहिले पाहिजे. डोक्यावरचे ओझे जावे आणि रोजगार राहावा, असे यंत्र निवडता येते. उचलक व गाडी ही तशी साधने आहेत. निवड समितीत या स्त्रियांपैकी किमान दोघी असाव्यात. ओले बांगडे हाताळताना पकड कोठे सुटते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही.

एखाद्या विक्रेत्याने तरीही मानवाकृती यंत्र आणलेच, तर त्याचे प्रात्यक्षिक सभागृहात घेऊ नये. यंत्र विकत घेण्याऐवजी उतरलेल्या क्रेटमागे भाडे देण्याचा करार मागावा. परदेशात काही कंपन्या भाड्याने यंत्रे देतात, त्यामुळे ही मागणी जगावेगळी ठरणार नाही. यंत्र स्वतः चालते की कोणी दुरून चालवितो, त्याच्या डोळ्यांनी टिपलेली दृश्ये कोठे जातात, हात निकामी झाल्यास नवा किती दिवसांत रत्नागिरीस पोचेल, आणि यंत्र कोणाच्या अंगावर पडल्यास भरपाई कोण देणार, याची उत्तरे लेखी घ्यावीत. चाचणीचा दिवस संस्थेने ठरवावा. मासेमारी सुरू झाल्यानंतरच्या पंधरवड्यात, अमावस्येच्या उधाणाला, ओहोटी पूर्ण असताना त्याला जेटीवर उभे करावे, बर्फासह भरलेल्या शंभर क्रेट पुढे ठेवाव्यात, आणि किती उतरल्या, किती सांडल्या, तो किती वेळा घसरला, याची नोंद रोज तेच काम करणाऱ्यांच्या हाती द्यावी.