कंट्रोलर बदलायचा, गाडी थांबवायची नाही

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण चहा घेऊन बसा, समजेल असं सांगते. मी नालासोपाऱ्याची. बीटेक झाल्यापासून स्टोरेज सिस्टिमचं सॉफ्टवेअर आणि त्यांची देखभाल हेच काम करतेय. आजचा विषय आहे नेटवर्क स्टोरेजच्या क्लस्टरमधले जुने कंट्रोलर काढून नवे बसवणं. नेमकं सांगायचं तर त्याची आखणी. बसवायचं काम स्क्रू-ड्रायव्हरचं आहे, ते कुणीही करेल. गोची आखणीत असते.

आधी थोडी ओळख. नेटवर्क स्टोरेज म्हणजे एका कपाटात डिस्कचे शेल्फ, आणि त्यांच्या डोक्यावर बसलेला कंट्रोलर. सर्व्हर डिस्कशी थेट बोलत नाहीत, कंट्रोलरशी बोलतात. हे कंट्रोलर जोडीनं असतात. दोघांच्याही केबल दोघांच्या शेल्फला गेलेल्या असतात. एक पडला की दुसरा त्याच्या डिस्क स्वतःकडे घेतो. याला टेकओव्हर म्हणतात. जोडीदार परत आला की त्याचं त्याला देऊन टाकायचं, तो गिव्हबॅक. अशा दोन-चार जोड्या एका खास नेटवर्कनं बांधल्या की झाला क्लस्टर.

आता इथे पहिला गैरसमज. मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्याकडे चार नोड आहेत ना? एक काढला तर तीन उरतात. काळजी कसली?’ ऐकायला बरोबर वाटतं. पण मी ज्या प्रकारच्या सिस्टिमवर काम करते, तिथे एका जोडीच्या डिस्कच्या केबल फक्त त्या जोडीलाच गेलेल्या असतात. शेजारच्या जोडीला त्या डिस्क दिसतच नाहीत. म्हणजे एक नोड काढला की त्याचा सगळा भार एकाच जोडीदारावर येतो. उरलेले दोघे शेजारी उभे राहून बघणार, हात लावू शकणार नाहीत.

म्हणून गणित तिघांचं नाही, एकाचं आहे. ते असं करा. समजा पहिला कंट्रोलर सरासरी ४५ टक्के वापरात आहे, दुसरा ४० टक्के. बेरीज ८५. एकटा कसाबसा ओढेल. पण महिनाअखेरीला रात्री बॅकअप चालू असताना तेच आकडे ६० आणि ५५ होत असतील, तर बेरीज ११५. म्हणजे सिस्टिम बंद पडणार नाही, पण इतकी हळू होईल की वापरणाऱ्याच्या लेखी ती बंदच. सरासरीवर आखणी करू नका. महिनाभराचे आकडे काढा आणि त्यातली सगळ्यात वाईट पाच मिनिटं शोधा. आखणी त्या पाच मिनिटांसाठी करायची.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. सर्व्हरनं काही लिहायला दिलं की कंट्रोलर ते डिस्कवर जायची वाट बघत नाही. वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत लिहितो, त्याची प्रत जोडीदाराच्या मेमरीत टाकतो आणि ‘मिळालं’ म्हणून कळवतो. जोडीदार काढला की ती दुसरी प्रत राहत नाही. म्हणजे नवा कंट्रोलर रॅकमध्ये बसून चालू होईपर्यंत सगळा डेटा एकाच मशीनच्या भरवशावर असतो. अपग्रेडचा धोका नव्या खोक्यात नाही, जुन्या खोक्यातही नाही. तो या मधल्या तासांत आहे.

हे मला जास्त का टोचतं ते सांगते. आम्ही ज्या एका ग्राहकासाठी ही आखणी केली, त्याच्या स्टोरेजवर रुग्णालयांचे सीटी स्कॅन, एमआरआय साठवलेले होते. ग्राहकाचं नाव सांगत नाही. वरून निरोप आला, ‘रविवार घ्या, सहा तास घ्या, संपवून टाका.’ पण रविवार रिकामा असतो तो ऑफिसचा. रुग्णालयाचा नाही. रात्री अडीचला अपघाताचा पेशंट येतो आणि डॉक्टरला त्याचा आधीचा स्कॅन आत्ता हवा असतो. तिथे ‘सिस्टिम मेंटेनन्समध्ये आहे’ ही पाटी चालत नाही.

आपल्या भागातलं एक उदाहरण देते, कारण हे काम आपल्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. पश्चिम रेल्वेची उपनगरी वीजगाडी १९२८ साली कुलाबा ते बोरिवली सुरू झाली, १९३६ साली ती विरारपर्यंत आली. ही वीज १,५०० व्होल्ट डीसी. विरारच्या उत्तरेला गुजरातकडे जाणाऱ्या मार्गावर मात्र नंतर २५,००० व्होल्ट एसी आली. म्हणजे कित्येक वर्षं आपलं विरार हीच सीमा होती. मग ठरलं की उपनगरी मार्गही एसी करायचा. कारण साधं आहे. व्होल्टेज जास्त तर तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, तारेत वीज कमी वाया जाते, सबस्टेशन कमी पुरतात. हे काम टप्प्याटप्प्यानं होऊन फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत पूर्ण झालं.

आता विचार करा, लाखो लोकांना रोज ने-आण करणारा मार्ग ‘सहा महिने बंद’ म्हणता येईल का? मग जमलं कसं? तर आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. गाडी एसी भागातून डीसी भागात जाताना मध्ये थोडा मृत पट्टा असतो, तिथे तारेत वीज नसते. गाडी आपल्या वेगावर तो पट्टा पार करते. डब्यातले दिवे-पंखे काही क्षण जातात, परत येतात. कुणी खाली उतरत नाही. अहो, चौथ्या सीटवर बसलेल्याची डुलकीसुद्धा मोडत नाही.

स्टोरेजमध्ये नेमकं हेच करायचं असतं. टेकओव्हरच्या वेळी काही सेकंद कुणीच उत्तर देत नाही. हा आपला मृत पट्टा. सर्व्हरकडे तेवढा वेग आहे का, म्हणजे तो तेवढा वेळ थांबायला तयार आहे का, हा प्रश्न. लिनक्सवर डिस्कची मूळ मुदत ३० सेकंद असते, विंडोजवर ६०. आपला पट्टा त्याहून लांब असेल तर मुदत आधीच वाढवून ठेवायची. एनएफएसनं जोडलेला सर्व्हर ‘हार्ड’ माउंट असेल तर तो गुमान वाट बघतो. विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमध्ये मात्र जोडणी तुटते, उघडी फाइल हातची जाते. त्या लोकांना आधी सांगावं लागतं.

आणि फक्त डीसीवर चालणारी गाडी? ती एसी तारेखाली नेताच येत नाही. स्टोरेजमध्ये अशी गाडी म्हणजे एकच वाट असलेला सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला दोन्ही कंट्रोलरकडे जाणारे रस्ते असायला हवेत. कागदावर असतातच. प्रत्यक्षात कधीतरी कुणीतरी घाईत एक केबल काढलेली असते, किंवा नवा सर्व्हर लावताना दुसरा रस्ता ‘उद्या करू’ म्हणून सोडलेला असतो. तो उद्या उजाडलेला नसतो.

हे शोधायचं कसं? एक्सेल शीटवर विश्वास ठेवायचा नाही. रंगीत तालीम घ्यायची. नवं हार्डवेअर यायच्या आधी, जुन्याच कंट्रोलरवर, ठरवून टेकओव्हर करायचा. पाच मिनिटांत गिव्हबॅक नाही करायचा. खऱ्या कामाला जेवढा वेळ लागणार तेवढा वेळ एकावर चालवून बघायचं. कारण अपग्रेड म्हणजे तरी काय? तासन्‌तास लांबवलेला टेकओव्हर. जुनं मशीन शाबूत असताना तो झेपला नाही, तर नव्याच्या दिवशी कसा झेपेल?

या तालमीला विरोध होतो. ‘चालू सिस्टिमला उगाच कशाला हात लावता?’ माझं उत्तर असं की तालीम फसली तर एका कमांडमध्ये मागे येता येतं. त्या रविवारी कंट्रोलर टेबलावर उघडा पडलेला असेल, तेव्हा येता येणार नाही. आमच्या तालमीत तीन सर्व्हर एकाच वाटेवर सापडले. त्यातला एक स्कॅन उघडून दाखवणाराच होता. तालीम घेतली नसती तर तो रविवारी रात्री गप्प झाला असता, आणि आम्ही नव्या मशीनला शिव्या घालत बसलो असतो.

आता रस्ता कुठला निवडायचा? ढोबळमानानं दोन आहेत.

पहिला, नवी जोडी तिच्या नव्या डिस्कसकट क्लस्टरमध्ये आणायची, जुन्यावरची व्हॉल्यूम एकेक करून चालू स्थितीत तिकडे हलवायची आणि जुनी जोडी रिकामी झाली की काढायची. यात एकट्या कंट्रोलरवर भार येत नाही, म्हणून हा सुरक्षित. पण त्याला रॅकमध्ये जागा लागते, स्विचवर मोकळे पोर्ट लागतात आणि काही दिवस दोन्ही संचांना पुरेल एवढी वीज लागते. ती सुद्धा ए आणि बी अशा दोन्ही फीडवर. शिवाय वेळ. १०० टेराबाइट डेटा सेकंदाला ५०० मेगाबाइटनं हलवला तर २ लाख सेकंद, म्हणजे साधारण ५६ तास होतात. दिवसा वेग निम्मा ठेवला तर आठवडा धरा.

दुसरा रस्ता, शेल्फ तेच ठेवायचे, फक्त डोकं बदलायचं. खर्च कमी, जागा तीच, पण मधले तास एकट्याच्या जिवावर. आम्ही हाच घेतला, कारण रॅकमध्ये जागा नव्हती. पण क्लस्टर असल्याचा एक फायदा उचलला. ज्या जोडीला हात लावायचा, तिच्यावरची सगळ्यात जड व्हॉल्यूम आठवडाभर आधीच दुसऱ्या जोडीवर हलवली. ११५ ची बेरीज खाली आणली, मग तारीख मागितली. आधी तारीख आणि मग गणित, असं करू नका.

दुसऱ्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी चार गोष्टी आठवणीनं बघा. एक, सॉफ्टवेअरची आवृत्ती. नव्या कंट्रोलरला किमान अमुक आवृत्ती लागते, जुना एका आवृत्तीच्या पुढे जात नाही. दोघांना चालणारी आवृत्ती आधी शोधा, क्लस्टर तिच्यावर आणा, काही दिवस स्थिर राहू द्या. ही आपली दोन्ही विजांवर चालणारी गाडी. दोन, नव्या कंट्रोलरला जुन्या शेल्फच्या केबलचे पोर्ट आहेत का, की वेगळं कार्ड घ्यावं लागेल. तीन, लायसन्स. पुष्कळदा ती मशीनच्या सीरियल नंबरला बांधलेली असतात, नंबर बदलला की लायसन्स नवं. ते रविवारी रात्री मागायची गोष्ट नाही. चार, पोर्टची नावं. जुन्यावर चौथा पोर्ट असेल तो नव्यावर भलत्याच नावानं येतो. जुनं नाव, नवं नाव, कुठलं नेटवर्क, असा तक्ता छापून रॅकच्या दाराला चिकटवा. हो, कागदावर. लॅपटॉपची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

प्रत्येक पायरीपुढे आणखी एक रकाना ठेवा. ‘इथून परत फिरता येतं का? किती वेळात?’ एका पायरीनंतर उत्तर ‘नाही’ येतं. त्या पायरीच्या आधी थांबायचं, दोघांनी तपासायचं आणि मगच पुढे जायचं. त्या थांब्यासाठी घड्याळाची वेळही ठरवा. ‘पहाटे तीनपर्यंत इथे पोहोचलो नाही तर मागे.’ ही वेळ जागरण व्हायच्या आधी ठरलेली बरी, कारण तीन वाजता प्रत्येकाला वाटतं की अजून दहाच मिनिटं लागतील.

आणि बॅकअप. भार कमी करायला लोक बॅकअप बंद ठेवतात. ठेवा, पण शेवटचा बॅकअप काम सुरू करण्याआधी पूर्ण झालेला हवा आणि त्यातल्या चार-दोन फाइली परत आणून उघडून बघितलेल्या हव्यात. परत आणून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

शेवटचा मुद्दा माणसांचा, आणि हा वसई-विरारकरांना लगेच कळेल. आमचं डेटा सेंटर ऐरोलीला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं आणि वसई रोड ते विरार गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून मी दोन अटी घातल्या. जून ते सप्टेंबर हे काम नको. आणि काम येणारी दोन माणसं अशी निवडा की एक वसईच्या खाडीच्या अलीकडे राहतो आणि एक पलीकडे. कंट्रोलर जोडीनं ठेवायचे आणि ते बदलणारा माणूस मात्र एकटा, याला काय अर्थ आहे?

आमचं काम शेवटी एका रविवारी झालं नाही. तालीम, हलवाहलव, पहिला कंट्रोलर, आठवडाभर निरीक्षण, मग दुसरा, असे पाच आठवडे लागले. वरचे लोक कुरकुरले. रुग्णालयांकडून एकही फोन आला नाही. त्यांना कळलंच नाही की खालचं मशीन बदललं.

तर तुमच्याकडे असं काम येऊ घातलं असेल, तर कोटेशनवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा. ‘अर्धं काम झालेलं असताना आपण किती तास तग धरू?’ उत्तर आकड्यात आलं तर पुढे जा. ‘होऊन जाईल’ असं आलं, तर आधी तालमीची तारीख मागून घ्या.

प्रश्न असतील तर जरूर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू.