पोट आणि मन : एक दुहेरी वाट

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि संगीत यांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडल्यानंतर पोटासारखा विषय घेऊन आपल्यापुढे उभे राहणे थोडे धाडसाचे आहे. परंतु हा विषय ग्रंथालयाला अगदीच परका आहे असे मला वाटत नाही, कारण आपल्या भाषेने तो केव्हाच आपलासा केला आहे. अशुभाची चाहूल लागली की आपल्या पोटात गोळा येतो. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून एखाद्याचे पोट दुखते. थोर मनाचा माणूस दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो, कळकळीचा माणूस पोटतिडकीने बोलतो, संतापलेल्याचे पित्त खवळते आणि लेकीची पाठवणी करताना आईचे आतडे तुटते. मनाचे इतके व्यापार मराठी माणसाने पोटात नेऊन ठेवले आहेत. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव असला पाहिजे.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. पोट आणि मन यांच्यामधली वाट दुहेरी आहे. म्हणून ज्याचे पोट दुखते त्याला 'हे सारे मनाचे खेळ आहेत' असे सांगून वाटेला लावणे जितके अन्यायाचे, तितकेच मनाने खचलेल्या माणसाला 'पोट साफ ठेवा, सगळे ठीक होईल' असे सांगणेही अन्यायाचे आहे.

दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये एक प्रकार नेहमी आढळतो. महिनोन् महिने पोट फुगते, कळ येते, कधी शौचास साफ होत नाही तर कधी घराबाहेर पडायची वेळ झाली की दोनदा जावे लागते. अंगात त्राण नसते, कशात लक्ष लागत नाही. रक्त तपासून होते, सोनोग्राफी होते, दुर्बिणीने जठर व आतडे पाहून होते. सर्व अहवाल निर्दोष येतात. मग त्याला सांगण्यात येते, 'तुम्हाला काहीही झालेले नाही.' घरची मंडळीही मग तेच म्हणू लागतात. दुखणे तर असतेच, वर खोटेपणाचा आळ येतो. मला वाटते, या आळाने दुखण्याइतकेच माणसे खचतात.

शास्त्राने या प्रश्नाकडे कसे पाहिले ते थोडक्यात पाहू. 1822 साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि 1833 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मनुष्य रागावला म्हणजे जठराच्या अस्तराचे रूप पालटते व पचन बिघडते, अशी नोंद त्यांनी त्यात केली. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात तर फार पूर्वीच सांगून ठेवले आहे, की चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाला पथ्याचे आणि बेताचे अन्नदेखील नीट पचत नाही.

ही झाली मनाकडून पोटाकडे जाणारी वाट. उलट दिशेची वाट सापडायला अधिक काळ लागला. 1899 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी आतडे अन्न पुढे ढकलण्याचे आपले काम चालू ठेवते. आतड्याच्या भिंतीतच दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे आहे. काही शास्त्रज्ञ त्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. हा दुसरा मेंदू कविता करत नाही की गणिते सोडवत नाही; परंतु पहिल्या मेंदूला तो सतत खबर देत असतो. मेंदूपासून छातीतून पोटात उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू असंख्य धाग्यांचा बनलेला आहे, आणि त्यांतील बहुसंख्य धागे पोटाचा निरोप वर मेंदूकडे नेतात. हुकूम खाली आणणारे धागे त्यामानाने थोडे आहेत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो. सेरोटोनिन या द्रव्याचा आपल्या मनःस्थितीशी संबंध आहे, आणि शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात, की आनंद आतड्यात तयार होतो. तो निष्कर्ष बरोबर नाही. आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरते स्वतंत्रपणे तयार करतो. आतड्यातले सेरोटोनिन तेथील हालचालींचे नियमन करते आणि मज्जातंतूंना चेतवते. वाट आहे, पण ती वळणावळणाची आहे.

आता आतड्यातील जिवाणूंविषयी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. यांतले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारा धान्याचा, डाळींचा, भाज्यांचा चोथा ते आंबवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. 2004 साली जपानी संशोधकांनी पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेले उंदीर तपासले. कोंडून ठेवले असता त्यांच्या शरीरात तणावाची द्रव्ये नेहमीच्या उंदरांपेक्षा अधिक उसळत. कोवळ्या वयात त्यांच्या पोटात जिवाणू सोडले, तेव्हा ही उसळी कमी झाली. मात्र हे उंदरांचे झाले. उंदरावरून माणसाकडे उडी मारून बाटलीत किंवा पुडीत जिवाणू विकणाऱ्या जाहिरातींवर विश्वास टाकण्याइतका पुरावा आज हाती नाही.

माणसांविषयीचा पुरावा अधिक मोलाचा आहे. ऑस्ट्रेलियात सामान्य नागरिकांचा 12 वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आरंभी ज्यांची मने चिंताग्रस्त होती पण पोटे निरोगी होती, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे पोटाचे विकार जडले. आणि ज्यांची पोटे बिघडलेली होती पण मने स्वस्थ होती, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे चिंता व खिन्नता यांनी गाठले. दुहेरी वाटेचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा? 2016 साली जगभरातील तज्ज्ञांनी या विकारांना 'आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार' असे नाव दिले. अहवाल निर्दोष असूनही दुखणे खरे असू शकते, ही मान्यता त्या नावात आहे.

'मनाचे आहे' असे म्हणण्याची घाई किती महागात पडते, याचे उदाहरण फार जुने नाही. जठरातील व्रण हा काळजी करणाऱ्या माणसाचा रोग, अशी वैद्यांचीही दीर्घकाळ समजूत होती. 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांना जठरात एक जिवाणू आढळला. पुढे 1984 साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. आज अशा पुष्कळ रुग्णांचा व्रण काही दिवसांच्या प्रतिजैविकांनी बरा होतो. या शोधाला 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अशक्तपणा आणि उदासी यांचे आणखी एक कारण आपल्या शाकाहारी घरांतून वारंवार दिसते. ते म्हणजे ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडेफार मिळते. जठरातील एका द्रव्याच्या साहाय्याने ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, मनाची मरगळ ही त्याची लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जातात. रक्ताची एक साधी तपासणी पुरते.

मग करावे काय? आपले इंदूर खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. सकाळचे पोहे-जिलबी आणि मध्यरात्रीचा सराफा सोडून द्या, असे सांगण्याचे पाप मी करणार नाही. पण रोज रात्री अकराला भरपेट जेवून बाराला आडवे होण्याची सवय पोट आणि झोप दोन्ही बिघडवते, आणि झोप बिघडली की मनही बिघडते. ज्वारी-बाजरीची भाकरी, निरनिराळ्या डाळी व उसळी, भाज्या, फळे आणि ताक हा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला आहार आजही उत्तमच आहे. ज्यांना चोथ्याने पोट फुगते त्यांनी तो हळूहळू वाढवावा. घरच्या बाईने सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले अवेळी खाण्याची रीत मात्र आता सोडलीच पाहिजे. 2017 साली ऑस्ट्रेलियात खिन्नतेच्या 67 रुग्णांवर एक प्रयोग झाला. 12 आठवडे आहार सुधारलेल्यांपैकी सुमारे 32 टक्के बरे झाले. केवळ गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्यांपैकी 8 टक्के. प्रयोग लहान होता, आणि यांतील बहुतेकांचे मूळ उपचार चालूच होते. आहार हा औषधाचा सोबती आहे. त्याच्या भरवशावर मनाची औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

तसेच, पोटाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी मनाच्या औषधाची अल्प मात्रा दिली तर 'मी काय वेडा आहे?' म्हणून ती फेकून देऊ नये. अॅमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाच्या लहान मात्रेने आतड्याच्या अशा विकारात आराम पडतो, हे 2023 साली इंग्लंडमधील एका चाचणीत दिसून आले. परंतु वजन आपोआप घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा शौचास काळे होणे, गिळताना अडकणे, रक्त कमी होणे, अथवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही असेल तर मनाची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

शेवटी, या वास्तूत शोभेल अशी एक गोष्ट सांगतो. पोटदुखीचे निदान निम्मे रुग्णाच्या शब्दांवर होते. 'पोटात कालवते', 'खड्डा पडतो', 'मुरडा येतो', 'डचमळते', 'जळजळते' या प्रत्येक शब्दाने वेगळे दुखणे कळते. आपली नवी पिढी डॉक्टरांपुढे हे सारे 'गॅस' या एका शब्दात गुंडाळून मोकळी होते, आणि ऐकणारा तेवढेच लिहून घेतो. या ग्रंथालयाने शंभर वर्षे येथील मराठी माणसाचे शब्द जपले. ते शब्द कपाटातच राहू नयेत. आपले दुखणे नेमके सांगण्यासाठीही ते वापरावेत. आणि घरातले कोणी ते सांगू लागले, तर 'काही झालेले नाही' म्हणण्यापूर्वी आपण ते पुरते ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.